किर्लोस्कर रोड ते किर्लोस्करवाडी

आपल्या बेळगावात किर्लोस्कर रोड माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. सणासुदीच्या दिवसांत तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण या रस्त्याला हे नाव का, असे घरातल्या नातवंडांना विचारून पाहा. पंपाची कंपनी, एवढेच उत्तर बहुधा मिळेल. ही कंपनी मुळात बेळगावची, आणि ती बेळगावातून बाहेर का गेली, हे आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे एकदा सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. दोन गोष्टींचे मात्र वेड होते, यंत्रे आणि चित्रे. वडिलांच्या मनात नसतानाही १८८५ साली ते मुंबईला जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षांनी लक्षात आले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता असेल? पण रेषेला रंग लागत नाही. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण चालू ठेवले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळवली. वर्ग सुटला की ते संस्थेच्या कारखान्यात जात आणि यंत्रे खोलून पुन्हा जोडत बसत.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. ती आपल्या गावात विकता येईल, हे व्यापारी डोके त्याच वेळचे. १८८८ साली वडीलबंधू रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. मुंबईहून माल लक्ष्मणराव पाठवायचे, इथे विक्री रामूअण्णा बघायचे. सायकल तेव्हा श्रीमंतांची हौस होती, आणि ती चालवायला शिकवण्याचे वेगळे पंधरा रुपये घेतले जात. दुकानाची पाटी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ अशी होती. तेच नाव पुढे कंपनीला राहिले.

नोकरीत त्यांची बढती ठरल्यासारखी होती, पण ती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. नोकरीत असा अनुभव आलेले कितीतरी लोक असतात. बहुतेक जण आयुष्यभर ती तक्रार उगाळतात, काही जण हाताखालच्यांवर राग काढतात. लक्ष्मणरावांनी पुढे माणसे निवडताना जात, वर्ण, प्रमाणपत्र यांतले काहीच मध्ये येऊ दिले नाही. त्याचे मूळ या प्रसंगात असावे असे आम्हाला वाटते.

सायकलींवर न थांबता त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. आपल्या भागातला नांगर तोवर लाकडी होता, लोखंडाचा असायचा फक्त फाळ. काळ्या कसदार जमिनीत हरळी माजली की तो लाकडी नांगर ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या लागत आणि तरी खालची मुळे निघत नसत. लोखंडी नांगर माती खोलवर उलथून टाकत असे. फायदा उघड दिसत होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांवर आम्ही जरा थांबू इच्छितो. बँकेच्या कर्जखात्यात आमची उमर गेली. न खपलेला माल गोदामात पडून राहणे म्हणजे काय, हे आम्ही लोकांच्या ताळेबंदांत पाहिले आहे. अशा वेळी धंदेवाला दोनपैकी एक गोष्ट करतो. माल मिळेल त्या भावाने काढून टाकतो, नाहीतर गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळा होतो. लक्ष्मणरावांनी दोन्ही केले नाही. शेतकऱ्याची भीती खुळी असेल, पण तिच्यामागे कारण होते. एक हंगाम फुकट गेला तर त्याच्या घरातली माणसे उपाशी राहणार होती. नव्या वस्तूचा धोका विकणाऱ्याने सोसायचा की विकत घेणाऱ्याने, हा प्रश्न शेतीमालाच्या धंद्यात आजही तसाच आहे. ते नांगर करत राहिले, वाट पाहत राहिले. एकाच्या शेतात नांगर चाललेला शेजाऱ्याने पाहिला की मग बोलावे लागत नाही.

धंद्याला कुठे रूप येत होते, तेवढ्यात नगरपालिकेची नोटीस आली. गावाच्या नव्या वस्तीसाठी जागा हवी होती, कारखाना हलवा. यंत्रे आहेत, माणसे आहेत, माल आहे, आणि पाय टेकायला जमीन नाही, अशी अवस्था. उद्यमबागेतले आजचे ओतकामाचे कारखाने पाहताना आमच्या मनात हटकून येते की तेव्हा चार एकर जागा दुसरीकडे काढून दिली असती तर या शहराचा इतिहास वेगळा झाला असता. नोटीस काढणाऱ्याने नियमाने काम केले असेल. तो कागद मात्र गावाला महागात पडला.

मदतीला आले औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून तर देशभर ओळखले गेले. औंधच्या यमाई देवीच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपवले. खरे तर मंडप बांधणे हा काही नांगर ओतणाऱ्याचा व्यवसाय नव्हे. पण त्या काळात पोट भरायला काम हवे होते, आणि हाती घेतलेले काम हा माणूस कसे करतो हे राजेसाहेबांना जवळून पाहायला मिळाले. मग त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले.

हाच अर्ज आमच्यासारख्याच्या टेबलावर आला असता तर? तारण काय, म्हणून विचारले असते. जमीन नाही, इमारत नाही. बाजारपेठ? पहिला नग विकायला दोन वर्षे लागलेली. पूर्वानुभव? चित्रकलेचे शिक्षण अर्धवट, मग मास्तरकी, मग सायकलींचे दुकान. अर्ज शेरा मारून परत गेला असता, आणि नियमाने पाहता त्यात चूकही नव्हती. ठेवीदारांचा पैसा असा वाटता येत नाही. राजेसाहेबांना ते स्वातंत्र्य होते, आणि त्यांनी ते नेमक्या माणसासाठी वापरले.

१९१० साली किर्लोस्करवाडीचा पाया पडला. मिळालेली जमीन ३२ एकर होती, पण कशी? सगळीकडे निवडुंग, उघडा माळ आणि नागांचा सुळसुळाट. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. कारखाना आणि गाव एकाच वेळी उभे राहू लागले. कामगाराने चांगल्या घरात राहावे, त्याला स्वच्छ पाणी मिळावे, मुलांना शाळा असावी, हे सगळे नफा झाल्यावर करायचे काम आहे असे त्यांना वाटले नाही. युरोप-अमेरिकेत काही कारखानदारांनी कामगारांसाठी वसाहती वसवल्या होत्या, त्या त्यांना ठाऊक होत्या. वाडीची व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. झाडे, रस्ते, सफाई यांत त्यांचा जीव होता.

आणि माणसे कोण होती? शंभूराव जांभेकर, इंजिनीअरिंगची परीक्षा नापास झालेले. के. के. कुलकर्णी मॅट्रिकला अडकलेले, पण पडेल ते काम करून व्यवस्था सांभाळणारे. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडली होती, ते कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे हिशेब लिहीत. (हिशेबनीसाबद्दल आम्हाला जास्त आपुलकी, हे वाचकांनी समजून घ्यावे.) ज्यांना कोणत्याही कचेरीने दारात उभे केले नसते अशा माणसांवर हा कारखाना उभा राहिला. स्वतः मालकाजवळ तरी कुठे पदवी होती!

सगळ्यात पुढचे पाऊल पहाऱ्याच्या बाबतीत पडले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर पूर्वायुष्यात गुन्ह्यांचा शिक्का बसलेला होता. त्या काळी रामोशी म्हटले की सरकार आणि समाज दोघेही संशयाने पाहत. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती वाडीचा पहारा दिला आणि तो त्यांनी इमानाने सांभाळला. याच औंध संस्थानाने पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्या प्रयोगावर आधारलेला आहे. किर्लोस्करवाडीतला पहारा त्याच्या कितीतरी आधीचा.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही नियम होता. सार्वजनिक पाणवठे आणि देवळे दलितांना बंद असण्याच्या काळात एका खासगी वसाहतीत असा नियम करणे आणि तो पाळायला लावणे सोपे नव्हते. कारण वाडीत राहायला येणारी माणसे आपापल्या गावच्या चालीरीती बरोबर घेऊनच येत होती.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर केले गेले. १९२० साली कंपनी मर्यादित झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. हेच पुढचे ‘किर्लोस्कर’ मासिक. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. नांगर विकणाऱ्या घराने मराठी मध्यमवर्गाला विधवाविवाह, विज्ञान, स्त्रीशिक्षण यांवर विचार करायला लावले. आपल्यापैकी अनेकांच्या आजींच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक असत, ते हेच.

ऊस पिळण्याचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे असे करत कारखाना वाढत गेला. १९२६ साली पंप तयार झाला, आणि अमेरिकेत एमआयटीत शिकून त्याच वर्षी चिरंजीव शंतनुराव परतले. पंपाबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. मोटेने शेतकऱ्याला एका दिवसात उपसता येई तेवढेच पाणी विहिरीतून निघत असे. पंप आल्यावर ती मर्यादा गेली. बैलांचे आणि माणसांचे कष्ट वाचले, ऊस आला, पैसा आला, आणि पुढच्या पिढ्यांत अनेक विहिरी तळाला गेल्या. याचा दोष पंप करणाऱ्याला द्यावा असे आम्हाला वाटत नाही, पण आज लक्ष्मणराव असते तर पाणी उपसण्याइतकाच विचार त्यांनी ते मुरवण्याचा केला असता, असे मात्र वाटते.

हरिहरला १९४१ साली, पुणे आणि बंगळुरूला १९४६ साली नव्या कंपन्या निघाल्या. मग आले १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले आणि त्यात किर्लोस्करवाडीही पेटवली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्याने जात न पाहता माणसे जवळ केली त्याच्याच गावाला जातीच्या रागाची झळ लागावी, याचे दुःख होते. कोणतेही कारण ती जाळपोळ रास्त ठरवू शकत नाही. तरी एक प्रश्न मनात येतो. वाडीच्या आतल्या माणसांना घर, पाणी, शाळा सगळे मिळाले. वाडीच्या बाहेर चार मैलांवरच्या माणसाला त्यातले काय मिळाले होते? कारखानदाराने कुठवर पोहोचायचे, याला आम्हाला अजून नीट उत्तर सापडलेले नाही.

कारखाना पुन्हा उभा राहिला. भट्ट्या पेटल्या, माल बाहेर पडू लागला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे. बेळगावहून पुण्याला रेल्वेने जाताना मिरज, सांगली मागे टाकले की थोड्या वेळाने ते येते.