पोथ्यांचा पारखी

राजांच्या लढायांची हकिकत बखरींत सापडते. स्वयंपाकघराची बखर मात्र कोणी लिहीत नाही. चूल विझते, पाने उचलली जातात आणि पदार्थाची काही खूण मागे उरत नाही. आपण आवडीने खातो ती जिलेबी आपल्या देशात केव्हापासून होते, हे मग कळावे कसे? अशा प्रश्नांची उत्तरे जुन्या पोथ्यांतून शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते थोर संशोधक म्हणजे परशुराम कृष्ण गोडे.

गोडे ह्यांचा जन्म १८९१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख येथे झाला. पुण्यास १९१७ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले होते. तेथील ग्रंथसंग्रहाची व्यवस्था १९१९ साली गोडे ह्यांच्याकडे आली. ह्या संग्रहात हजारो हस्तलिखित पोथ्या आहेत. पोथीला कसर लागते, वाळवी लागते. आणि एखाद्या ग्रंथाची एकच प्रत उरली असेल, तर तिच्याबरोबर त्यातील ज्ञानही कायमचे नाहीसे होते. म्हणून पोथी जपणे हे मोठ्या जबाबदारीचे काम असते. गोडे ह्यांनी पोथ्या जपल्या आणि त्यांना बोलतेही केले.

जुने ग्रंथकार पुष्कळदा आपला काळ सांगत नाहीत. तो ठरवण्याची गोडे ह्यांची रीत साधी, पण कष्टाची होती. एखाद्या ग्रंथात ज्या जुन्या ग्रंथांची नावे येतात, त्यांच्यानंतर तो लिहिला गेला असला पाहिजे. ज्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो, त्यांच्यापूर्वी तो झाला असला पाहिजे. पोथीच्या अखेरीस नकलकाराने शक लिहिला असेल, तर ग्रंथ त्याहून अलीकडचा असू शकत नाही. असे एकेक प्रमाण जुळवीत ते ग्रंथाचा काळ निश्चित करीत.

‘भोजनकुतूहल’ ह्या संस्कृत ग्रंथाचा काळ त्यांनी असाच शोधला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास तंजावर येथे रघुनाथ नावाचे पंडित होते. हा ग्रंथ त्यांचाच होय. अन्नाचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष ह्यांचे विवेचन त्यात आहे. तो १६७५ ते १७०० ह्या काळात लिहिला गेला, असे गोडे ह्यांनी दाखवून दिले.

जिलेबीचा माग त्यांना आणखी मागे घेऊन गेला. ‘गुण्यगुणबोधिनी’ ह्या १६०० पूर्वीच्या संस्कृत ग्रंथात जिलेबीची कृती आहे, आणि ती आजच्या कृतीसारखीच आहे. त्याहून जुना उल्लेख १४५० च्या सुमारास जिनसूर ह्या जैन ग्रंथकाराने लिहिलेल्या एका कथेत सापडला. एका धनिक व्यापाऱ्याच्या घरच्या भोजनात तेथे जिलेबी वाढलेली आहे. ज्या वर्षी उल्लेख सापडतो, त्याच वर्षी पदार्थ जन्मास आला असे मात्र नव्हे. त्या काळी तो होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. जेथवर पुरावा, तेथवरच विधान, हे संशोधकाचे व्रत असते.

मेंदी, तंबाखू, शोभेची दारू अशा नित्याच्या वस्तूंचा इतिहासही गोडे ह्यांनी शोधला. त्यांचे चारशेहून अधिक लेख प्रसिद्ध झाले. वामन शिवराम आपटे ह्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची वाढवलेली आवृत्ती १९५७ ते १९५९ ह्या काळात निघाली. तिच्या दोन प्रमुख संपादकांपैकी ते एक होते. १९६१ साली त्यांचे निधन झाले.

राजवाडे आणि किल्ले ह्यांचा इतिहास असतो, तसाच तो ताटातील घासाचाही असतो. तो जाणण्यासाठी कोणीतरी जीर्ण पाने शांतपणे उलटीत बसावे लागते. गोडे ह्यांनी ते काम चाळीसहून अधिक वर्षे निष्ठेने केले.