राष्ट्रगुरू सुरेन्द्रनाथ : बराकपूरचे एक अध्यापक

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पूर्वतीरावर वसलेले बराकपूर इतिहासाला परिचित आहे ते लष्करी छावणीचे गाव म्हणून. १८२४ मधील शिपायांचा उठाव येथलाच, आणि १८५७ च्या मार्च महिन्यात मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले तेही येथेच. पैलतीरावरील श्रीरामपूरची कीर्ती मात्र विद्येची. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे छापले गेले. ह्या बराकपुरातील मणिरामपूर भागात सुरेन्द्रनाथ बॅनर्जी यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. राष्ट्रीय सभेचे पुढारी म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. परंतु त्यांच्या चरित्राचे मूळ सूत्र शोधू गेल्यास ते अध्यापनात सापडते.

१० नोव्हेंबर १८४८ रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. वडील दुर्गाचरण हे नामांकित वैद्यक व्यावसायिक. १८६८ मध्ये पदवी मिळताच रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त ह्या मित्रांसमवेत सुरेन्द्रनाथ सनदी परीक्षेसाठी विलायतेस गेले. १८६९ च्या परीक्षेत हे तिघे उत्तीर्ण झाले, आणि त्यांच्याबरोबर मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हेही. वयाच्या नोंदीवरून सुरेन्द्रनाथ आणि ठाकूर या दोघांची निवड रद्द करण्यात आली. तेव्हा न्यायालयात दाद मागून त्यांना आपला हक्क परत मिळवावा लागला.

हा विजय अल्पजीवी ठरला. १८७१ मध्ये सिल्हेट येथे साहाय्यक दंडाधिकारी म्हणून ते रुजू झाले. तेथे फरारी नसलेल्या एका आरोपीची फरारी म्हणून नोंद झालेल्या कागदावर त्यांची सही आढळली. ज्या चुकीबद्दल एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याला समज देऊन सोडले गेले असते, तिच्यासाठी १८७४ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. लंडनमधील अपील व्यर्थ गेले आणि बॅरिस्टर होण्याचा मार्गही बंद झाला. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, सरकारी चाकरी आणि वकिली ही सुशिक्षितांची दोन्ही दारे मिटलेली, अशा अवस्थेत ते मायदेशी परतले.

अशा वेळी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यांना हात दिला. १८७५ मध्ये आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजीचे अध्यापक म्हणून विद्यासागरांनी त्यांची नेमणूक केली. उपजीविकेसाठी पत्करलेला हा व्यवसाय पाहता पाहता त्यांचे जीवितकार्य झाला. वर्गात ते बर्क शिकवीत; वर्गाबाहेर विद्यार्थ्यांच्या सभांतून मॅझिनी, शीख सत्तेचा उदय आणि चैतन्य ह्या विषयांवर बोलत. आनंदमोहन बोस यांच्यासह त्यांनी २६ जुलै १८७६ रोजी इंडियन असोसिएशनची स्थापना केली. त्याच दिवशी त्यांच्या पुत्राचा मृत्यू झाला होता. तरीही ते सभेस उपस्थित राहिले. सनदी परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणिसावर आणली गेली, तेव्हा त्याविरुद्ध त्यांनी देशभर दौरे काढले. एका प्रांताचा अध्यापक दुसऱ्या प्रांतातील सुशिक्षितांशी राजकीय प्रश्नावर थेट बोलू लागला, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१८८३ मध्ये आपल्या ‘बेंगॉली’ पत्रातील न्यायाधीशावरील टीकेमुळे त्यांना दोन महिन्यांचा तुरुंगवास घडला. निषेधासाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांत आशुतोष मुखर्जी होते, पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेच. त्याआधी वर्षभर सुरेन्द्रनाथांनी बहूबाजारातील एक लहान शाळा हाती घेतली होती. १८८४ मध्ये तीच रिपन कॉलेज झाली.

ह्या काळातील विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नव्हते; शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालये करीत. सरकारी महाविद्यालये थोडी आणि त्यांचे शुल्क अधिक. त्यामुळे मध्यम स्थितीतील मुलांना रिपनसारख्या खाजगी संस्थांचाच आसरा होता. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सभासदांच्या सामुदायिक त्यागावर फर्ग्युसन कॉलेज उभारले. रिपन कॉलेज मात्र एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभे होते. कालांतराने सुरेन्द्रनाथांनी ते विश्वस्तांच्या स्वाधीन केले. ह्या व्यवस्थेचे दोषही होते. शुल्कावर चालणाऱ्या संस्थेत वर्ग गजबजतात आणि अध्यापन परीक्षेपुरते उरते. १९१७ साली नेमल्या गेलेल्या सॅडलर आयोगाने कलकत्त्यातील महाविद्यालयांच्या ह्याच दुखण्यावर बोट ठेवले. तथापि ह्याच कॉलेजचे प्राचार्यपद रामेन्द्रसुंदर त्रिवेदी यांच्यासारख्या विज्ञान-निबंधकाराने भूषविले. पुढे येथे शिकविणारे बुद्धदेव बसू १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठातील तौलनिक साहित्य विभागाचे संस्थापक झाले, हेही विसरता येत नाही.

१८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्षपद सुरेन्द्रनाथांकडे आले. सामाजिक परिषदेच्या वादाने तापलेल्या त्या शहरात त्यांनी आपले प्रदीर्घ भाषण केले. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटवरील सरकारी पकड घट्ट केली. गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात त्या विधेयकाशी झुंज दिली. सुरेन्द्रनाथांनी बंगालमध्ये त्याविरुद्ध लोकमत जागविले. परंतु त्याच कायद्याने विद्यापीठाला अध्यापनाचा अधिकार दिला, आणि त्याचा लाभ घेऊन आशुतोषांनी पदव्युत्तर विभाग उभे केले. विरोधकांना जे केवळ बंधन वाटले त्यातूनच पुढे नवे विद्यापीठ घडले. वंगभंगाच्या चळवळीत सुरेन्द्रनाथ अग्रभागी होते. तरी राष्ट्रीय शिक्षणाच्या लाटेतही रिपन कॉलेजची विद्यापीठाशी असलेली संलग्नता त्यांनी सोडली नाही. विद्यार्थ्याला चळवळीत यावेसे वाटावे, पण त्याची पदवी बुडू नये, ही त्यांच्या नेमस्तपणाची मर्यादा होती आणि त्यांच्यातील अध्यापकाची काळजीही.

सुमारे सदतीस वर्षे शिकविल्यानंतर १९१२ च्या सुमारास त्यांनी वर्गाचा निरोप घेतला. १९२१ मध्ये त्यांनी ‘सर’ हा किताब आणि बंगालचे मंत्रिपद स्वीकारले. असहकाराच्या त्या दिवसांत जनतेने हे क्षम्य मानले नाही. कलकत्ता महानगरपालिकेला व्यापक लोकाधिकार देणारा १९२३ चा कायदा त्यांच्याच हातून झाला. पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत खुद्द बराकपूरमध्ये तरुण डॉक्टर बिधानचंद्र रॉय यांनी त्यांचा पराभव केला. ६ ऑगस्ट १९२५ रोजी बराकपूर येथे त्यांचे निधन झाले.

ज्या गावाने त्यांना मते नाकारली, त्या गावाने १९५३ मध्ये महाविद्यालय काढले तेव्हा त्याला राष्ट्रगुरू सुरेन्द्रनाथांचे नाव दिले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते बिधानचंद्र रॉय. रिपन कॉलेजनेही त्याआधीच त्यांचे नाव धारण केले होते. बराकपूरचे हे महाविद्यालय पाच दशकांहून अधिक काळ कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. २००८ मध्ये बारासात येथे पश्चिम बंगाल राज्य विद्यापीठ सुरू झाल्यावर ते त्याच्या कक्षेत आले. महानगरातील एकाच विद्यापीठावर पडलेला भार जिल्ह्याच्या विद्यापीठाने वाटून घ्यावा, हा त्यामागील हेतू. सुरेन्द्रनाथांचे मंत्रिपद आणि किताब आज इतिहासाच्या पानांत राहिले आहेत. त्यांचे नाव रोजच्या व्यवहारात उच्चारले जाते ते प्रवेशअर्जावर आणि गुणपत्रिकेवर. ज्याला राज्याने सेवेतून काढले आणि लोकांनी सत्तेतून, त्या माणसाला वर्गाने मात्र अखेरपर्यंत सोडले नाही.