तेलाच्या भूमीतला लेखक

नायजेरियातील पोर्ट हार्कोर्ट शहराच्या तुरुंगात १० नोव्हेंबर १९९५ रोजी नऊ जणांना फासावर चढविण्यात आले. त्यांपैकी एकाने लिहिलेली विनोदी मालिका काही वर्षांपूर्वीपर्यंत देशभर दूरचित्रवाणीवर आवडीने पाहिली जात होती. त्याच दिवशी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे राष्ट्रकुलाच्या नेत्यांची परिषद सुरू होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले. केन सारो-विवा हे नाव जगातील असंख्य लोकांच्या कानी पडले ते त्या आठवड्यात. बलाढ्य तेल कंपनीशी झुंजलेला पर्यावरणवादी, अशीच त्यांची ओळख पुढे रूढ झाली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. जागतिक बाजारपेठेसाठी उपसल्या जाणाऱ्या तेलाने सरकार आणि जनता, शेजारी आणि शेजारी, आणि अखेर आप्त आणि आप्त यांच्यात कशी पाचर मारली, याची ही जीवनकथा आहे.

सारो-विवा यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४१ रोजी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील बोरी या गावी, ओगोनी जमातीत झाला. सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा हा टापू. कसावा व कोनफळाची शेती आणि खाड्यांतील मासेमारी यांवर तेथील जीवन चाले. अडीचशेहून अधिक वांशिक समूहांच्या या देशात राजकारण चालते ते हौसा-फुलानी, योरुबा आणि इग्बो या तीन मोठ्या समूहांच्या बळावर. जेमतेम पाच लाखांच्या ओगोनींना तेथे कोण विचारणार? ब्रिटिश अंमल असतानाच, १९५८ मध्ये, ओगोनी भूमीत तेल सापडले. त्या वेळी केन शाळेत होते. पुढे इबादान विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले.

१९६७ मध्ये इग्बोबहुल पूर्व विभागाने फुटून बियाफ्राचे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले आणि यादवी पेटली. ओगोनी भूमी याच विभागात होती. तरीही सारो-विवा यांनी पक्ष घेतला तो संघराज्याचा. नव्या राष्ट्रात ओगोनी पुन्हा दुय्यमच ठरतील, असे त्यांचे गणित होते. संघ सरकारने त्यांना बॉनी या तेल बंदराचे प्रशासक नेमले. ज्या लष्करी सत्तेने पुढे त्यांचा बळी घेतला, तिच्याच सेवेत तरुणपणी त्यांनी उमेद गुंतवली होती, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. युद्धानंतर त्यांना रिव्हर्स राज्यात मंत्रिपदाच्या तोडीचे पद मिळाले, पण १९७३ मध्ये ते हातचे गेले. मग त्यांनी व्यापारात जम बसविला आणि लेखनाकडे वळले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एका भाबड्या सैनिकाची कथा सांगणारी ‘सोझाबॉय’ ही कादंबरी १९८५ ची. ‘बासी अँड कंपनी’ ही मालिका त्याच सुमारास सुरू झाली. लागोस शहरात झटपट श्रीमंतीची स्वप्ने पाहणाऱ्यांची त्यांनी तीत यथेच्छ थट्टा केली होती. तेलाच्या पैशाने देशाला लावलेली चटक त्यांना तेव्हाच नेमकी दिसली होती, असे म्हणता येईल.

तिकडे गावाकडे वेगळेच चित्र होते. तेलवाहिन्या शेतांतून आणि घरांजवळून उघड्यावर गेल्या होत्या. त्या फुटत, गळत; खारफुटीवर काळा थर चढे. विहिरींतून निघणारा वायू रात्रंदिवस जाळला जाई. स्वातंत्र्याच्या सुमारास तेलाच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा उत्पादक विभागाला मिळत असे. १९८० च्या दशकात तो दीड टक्क्यावर आला. १९७८ च्या कायद्याने जमिनीवरील अंतिम अधिकार राज्यांच्या गव्हर्नरांकडे गेला. १९८६ मध्ये कर्जबाजारी नायजेरियाने संरचनात्मक समायोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. तेल हाच परकीय चलनाचा मुख्य आधार असल्याने त्याच्या उत्पादनात खंड पडणे सत्ताधाऱ्यांना परवडणारे नव्हते. शिवाय १९९३ मध्ये शेल चालवीत असलेल्या संयुक्त उपक्रमात सरकारी तेल महामंडळाचा वाटा ५५ टक्के, तर शेलचा ३० टक्के होता. सरकारपुढे कंपनीचे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे भागीदाराकडेच दाद मागणे होते. १९९० मध्ये जवळच्या उमुएचेम गावात निदर्शनांच्या वेळी कंपनीने पोलिसांचे संरक्षण मागितले. पोलीस आले आणि त्यांच्या कारवाईत सुमारे ८० जण मारले गेले.

त्याच वर्षी ‘मोसोप’ ही ओगोनींची संघटना उभी राहिली आणि ओगोनी हक्कांची सनद जाहीर झाली. राजकीय स्वायत्तता, तेलाच्या उत्पन्नात न्याय्य वाटा आणि भूमीचे संरक्षण या तिच्यातील मुख्य मागण्या होत्या. देशात दाद लागेना तेव्हा सारो-विवा १९९२ मध्ये जिनिव्हाला गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटापुढे त्यांनी ओगोनींची बाजू मांडली. तेलाला जगभर वाट मिळते, तर गाऱ्हाण्यालाही मिळाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. नर्मदा बचाओ आंदोलनासाठी मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांना १९९१ मध्ये लाभलेला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार १९९४ मध्ये त्यांनाही मिळाला. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी हिरव्या डहाळ्या घेऊन शांततेने रस्त्यावर उतरले. निम्म्याहून अधिक जमातच ती! त्याच वर्षी शेलने ओगोनी भूमीतील काम थांबविले.

यशाच्या त्या क्षणीच फुटीला आरंभ झाला. १९९३ च्या मध्यापासून शेजारच्या आंदोनी जमातीशी रक्तरंजित चकमकी सुरू झाल्या. वरकरणी हा दोन जमातींचा कलह होता. त्यामागे लष्कराचा हात असल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदविले आहे. दुसरी फूट घरातलीच होती. जून १९९३ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर बहिष्कार घालावा, असा सारो-विवा यांचा आग्रह होता. तो न पटल्याने मोसोपचे अध्यक्ष गॅरिक लेटन आणि जुने स्नेही एडवर्ड कोबानी यांनी पदे सोडली. वडीलधाऱ्यांना वाटाघाटी हव्या होत्या, तरुणांना धीर नव्हता. सरकारशी जुळवून घेणाऱ्यांना गिधाडे म्हणून हिणवले जाऊ लागले. २१ मे १९९४ रोजी गिओकू येथे जमावाने चार ओगोनी नेत्यांची निर्घृण हत्या केली. त्यांत कोबानीही होते. सारो-विवा त्या दिवशी तेथे नव्हते; लष्कराने त्यांना वाटेतूनच परत पाठविले होते. हत्येचा आदेश त्यांनी दिल्याचा विश्वासार्ह पुरावा कधीही पुढे आला नाही. मात्र चळवळीत विरोधकांविषयी जी भाषा रुळली होती, तिला आवर घालण्यात नेतृत्व कमी पडले, हे मान्य करावे लागते.

जनरल सानी अबाचा यांच्या राजवटीने यासाठी खास न्यायाधिकरण नेमले. त्याच्या निकालावर वरिष्ठ न्यायालयात अपील नव्हते. गानी फावेहिन्मी यांच्यासारख्या नामवंत वकिलाने निषेध म्हणून काम सोडले. आपल्याला साक्षीसाठी आमिष दाखविले गेले, असे फिर्यादी पक्षाच्या दोन साक्षीदारांनी नंतर प्रतिज्ञापत्रांत सांगितले. या प्रकरणातील सहभागाचे आरोप शेलने सातत्याने नाकारले. जून १९९५ मध्ये, ब्रेंट स्पार हा जुना तेलसाठा अटलांटिकमध्ये बुडविण्याचा बेत याच कंपनीला युरोपातील ग्राहकांच्या बहिष्कारामुळे सोडावा लागला होता. ओगोनींजवळ अशी ग्राहकशक्ती कुठली?

मृतांच्या नातलगांनी अमेरिकेत भरलेला दावा २००९ मध्ये शेलने जबाबदारी मान्य न करता एक कोटी ५५ लाख डॉलर देऊन मिटविला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनी भूमीची पाहणी प्रसिद्ध केली. एका वस्तीतील विहिरींच्या पाण्यात बेंझिनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. भूमी पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता. मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातील भूभागावरील आपला तेल व्यवसाय विकून टाकला.

तीनच महिन्यांनी, १२ जून २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना मरणोत्तर माफी व राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. ओगोनी कार्यकर्त्यांनी सन्मानाचे स्वागत केले, पण माफी या शब्दाला हरकत घेतली. माफी गुन्हेगाराला दिली जाते. त्यांना हवी आहे ती निर्दोषत्वाची घोषणा.