नदी उतरून जाणाऱ्यांचा चित्रकार हिरोशिगे

चाकणकडे जपानी कारखाने आले, तेव्हापासून आपल्या पिंपरी-चिंचवडच्या घरांतून जपानी दिनदर्शिका दिसू लागल्या आहेत. आमच्याकडेही यांना एक मिळाली. तीत एका नदीचे चित्र आहे. पूल नाही, होडी नाही. पाण्यातून उघडे गडी चालले आहेत, त्यांच्या खांद्यावर लाकडी चौकट, चौकटीवर मेणा आणि मेण्यात बाई. आपले भोईच म्हणा ना! ही फुचू गावाजवळची आबे नदी. चित्रकाराची माहिती मुलांकडून मिळवली, ती जमेल तशी लिहिते.

हिरोशिगे १७९७ साली एदो शहरात जन्मला. एदो म्हणजे आजचे टोकियो. आपल्या पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव नुकतेच गादीवर आले होते. वडील आगीच्या बंदोबस्तावरचे लहानसे सरकारी अंमलदार. १८०९ साली आधी आई व मागोमाग वडील गेले, आणि ती वंशपरंपरेची नोकरी बारा वर्षांच्या पोराच्या गळ्यात पडली. पगार तुटपुंजा, पण फावला वेळ पुष्कळ. त्या वेळात तो चित्रकला शिकू लागला. एका नामांकित गुरूने त्याला परत पाठविले, तेव्हा तोयोहिरो नावाच्या गुरूने पदरात घेतले व हिरोशिगे हे नाव दिले.

पुढची वीस वर्षे त्याचे फारसे नाव झाले नाही. मग त्याने तोकाइदोची चित्रे काढली. एदोहून क्योतोला जाणारा हा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता, वाटेत ५३ मुक्काम. दोन्ही टोके धरून ५५ चित्रे १८३३-३४ च्या सुमारास निघाली आणि घरोघर गेली. वाडगाभर शेवयांच्या किमतीत एक चित्र मिळे, असे सांगतात.

ती हाताने एकेक काढलेली नव्हेत. हिरोशिगे रेखाटन करी, दुसरा ते चेरीच्या लाकडावर कोरी, तिसरा छापी. दर रंगाला वेगळा ठसा. आपल्या छिटाच्या कापडासारखेच, पण ठसा केसभर सरकला तर कागद वाया.

या वाटेवरची ओइ नदी सर्वांत अवघड. एदोवर फौज चालून येऊ नये म्हणून तिच्यावर पूल बांधायला सरकारची मनाई होती. गडी खांद्यावर बसवून किंवा चौकटीवरून माणसे पलीकडे नेत. पाणी जितके वर, तितका दर जास्त. नदी फुगली की वाट बंद, आणि वाटसरू काठच्या गावांत दिवसचे दिवस अडकून! शिमादा व कानाया या मुक्कामांच्या चित्रांत त्याने हीच नदी दाखविली आहे. शिमादाच्या चित्रात माणसे मुंगीएवढी दिसतात. मला तेच जास्त आवडते.

हिरोशिगेच्या पहिल्या पत्नीची हकीकत वाचून मात्र मी थांबले. त्याला प्रवासाला पैसे हवेत म्हणून तिने आपले कपडे व केसांत खोवायच्या नक्षीच्या फण्या विकल्या, असे सांगतात. ती १८३८ च्या सुमारास वारली. चित्रावर चित्रकाराचे नाव असते, प्रकाशकाचा शिक्का असतो. फण्यांची नोंद कोण ठेवणार?

पुढे त्याने दुसरे लग्न केले. १८५६ साली मुंडन करून बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली, पण कुंचला सोडला नाही. एदोची शंभरावर चित्रे त्याच काळातली. १८५८ साली एदोत पटकीची मोठी साथ होती, त्याच वर्षी तो गेला. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉग या चित्रकाराने त्याच्या पुलावरच्या पावसाच्या चित्राची नक्कल केली.

ओइ नदीवरची ती खांदेवाहतूक १८७० च्या सुमारास बंद झाली. १८७९ साली शिमादाजवळ लाकडी पूल झाला. पाण्यातून माणसे नेणारे काही गडी जवळच्या माळावर चहाची लागवड करू लागले. त्या भागात चहाचे मळे अजून आहेत.