एकच पंगत

शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्याच्या कचेरीत वरच्या खुर्चीवर बहुधा गोरा साहेब बसलेला असे. त्याच्या हाताखालचे कारकून, शाळांतील शिक्षक आणि न्यायालयातील वकील हे बहुतेक मोजक्याच जातींतील असत. जमीन कसणारा शेतकरी, मेंढ्या राखणारा धनगर, अस्पृश्य मानलेला मजूर यांची मुले तेथे क्वचितच पोहोचत. ती बुद्धीने उणी नव्हती. त्यांच्या शिक्षणाची वाटच अडलेली होती. ती मोकळी करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. त्या शहरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर त्यांना शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगण्यात आले. माणसाला भेटल्याने माणूस विटाळतो, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृहाला मुकावे लागले. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण झाले नाही. परंतु आपली विद्या थांबली तरी इतरांची थांबू नये, ही तळमळ त्यांना लागून राहिली.

मोठ्या शाळा शहरात असत आणि मुले खेड्यात. उच्च मानलेल्या जातींतील गरीब मुलगा शहरात आला, तर ओळखीच्या घरी वार लावून जेवू शके. इतर मुलांना कोण जेवू घालणार? दलित मुलाला तर कोणी ओसरीवरही टेकू देत नसे. शाळेचे दार उघडे असले, तरी रात्री निजावे कोठे, हा प्रश्न उरेच. म्हणून वसतिगृह हवे, हे भाऊरावांनी ओळखले. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मुले मिळून स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळे पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. तरीही त्या या सर्व मुलांच्या आई झाल्या. पैशांची चणचण नित्याचीच होती. त्यांनी एकेक दागिना मोडला. एकदा घरात धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. ज्या समाजात मंगळसूत्र म्हणजे सौभाग्य, तेथे हे सोपे नव्हते. परंतु पोरांच्या भुकेपुढे त्यांना दुसरे काही दिसले नाही.

जन्मावरून माणसाची जागा ठरविण्याची रीत केवळ आपल्याच देशात नव्हती. अमेरिकेत अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या सरकारी शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. ही प्रथा घटनाविरोधी असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. साताऱ्याची पंगत त्यापूर्वी तीस वर्षे बसू लागली होती.

पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. तेथे गरीब विद्यार्थी श्रम करून शिकू लागले. फी माफ करून घेण्याची लाचारी नको, घामाने मिळवलेली विद्या हवी, असा भाऊरावांचा आग्रह होता. येथे शिकलेली खेड्यांतील मुले शिक्षक झाली, वकील झाली, अधिकारी झाली.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना सन्मानाची डी. लिट्. पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते निवर्तले. स्वतः शाळा पुरी करू न शकलेल्या या माणसाने हजारो मुलांना शाळेची वाट मोकळी करून दिली. वडाचे झाड हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाच्या सावलीत बसणाऱ्याला त्याची जात कोणी विचारीत नाही.