सामान्यांना जग दाखविणारा सुतार : थॉमस कुक

(द्वितीय वर्ष कला)

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु देशाटन करावयाचे कोणी? राजेमहाराजांनी, सरदारांनी, फार तर व्यापाऱ्यांनी! ज्याच्या घरी रोजची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने कोणते देश पाहावयाचे? शेकडो वर्षे या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. ते उत्तर बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांत इंग्लंडमधील एका गरीब सुताराचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तो सुतार म्हणजे थॉमस कुक.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न या खेड्यात झाला. वडील तो अगदी लहान असतानाच वारले. घरची गरिबी एवढी की, दहाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. एका बागेत माळ्याच्या हाताखाली तो किरकोळ मजुरीवर राबू लागला. पुढे एका नातेवाइकाकडे सुतारकाम शिकला. बाप्टिस्ट पंथाच्या धर्मप्रचारकाचे कामही त्याने केले आणि त्यासाठी गावोगाव शेकडो मैल पायपीट केली. १८३३ मध्ये मॅरिअन मेसन हिच्याशी त्याचा विवाह झाला. याच सुमारास दारूच्या व्यसनाने उद्ध्वस्त होणारे मजुरांचे संसार पाहून त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली व दारूबंदीच्या प्रचाराला वाहून घेतले.

त्याच्या पुढील सर्व कार्याचा उगम या दारूबंदीच्या चळवळीत आहे, हे विशेष! जून १८४१ मध्ये एका सभेसाठी तो मार्केट हार्बरोहून लेस्टरकडे पायी निघाला होता. त्या वेळी आगगाडी नवीनच आली होती. वाटेत त्याच्या मनात आले की, ही गाडी माणसांना दारूच्या गुत्त्यापासून दूर नेण्याच्या कामी का लावू नये? मजुराला सुट्टीच्या दिवशी दुसरी करमणूकच नसते, म्हणून तो गुत्त्यात जातो. त्याला स्वस्तात बाहेरचे जग दाखविले, तर तो गुत्ता विसरेल. कुकने रेल्वे कंपनीशी बोलणी केली आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसे लेस्टरहून लफबरो येथे नेऊन परत आणली. जाण्यायेण्याचे भाडे होते अवघे एक शिलिंग! बसावयास उघडे डबे होते, तरी लोकांचा आनंद गगनात मावेना. पुढील तीन-चार वर्षे अशा सहली त्याने केवळ प्रचारासाठी काढल्या. १८४५ मध्ये लिव्हरपूलची सहल मात्र त्याने व्यवसाय म्हणून नेली.

या सहलीच्या वेळी त्याने केलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांना नेण्यापूर्वी तो स्वतः त्या मार्गाने जाऊन आला. कोठे उतरावे, काय पाहावे, जेवणखाण कोठे मिळेल, हे सर्व त्याने पाहून घेतले आणि त्याची एक छोटी पुस्तिका छापून प्रवाशांच्या हाती दिली. तो मुद्रकही होता, त्यामुळे हे काम त्याला सोपे गेले.

या पुस्तिकेचे मोल आमच्यासारख्यांना चटकन कळते. आमच्या घरात पंढरीच्या वारीखेरीज कोणी प्रवास केलेला नाही. वारीला निघालेल्या माणसाला कसली धास्ती नसते. बरोबर दिंडी असते, मुक्काम ठरलेले असतात, वाटेतली गावे ओळखीची असतात. परंतु तोच माणूस परक्या शहरातील एस. टी. स्टँडवर एकटा उतरला की, गांगरून जातो. कोणाला विचारावे? रिक्षावाला किती पैसे घेईल? लॉजमध्ये आपल्याला नीट वागवतील का? खिशात पैसे असले तरी ही भीती सुटत नाही. गरिबाला घरी बसविणारी गोष्ट केवळ पैशाची चणचण नव्हे, ही भीतीसुद्धा आहे. थॉमस कुकने भाडे तर कमी केलेच. पण त्याचे खरे कार्य म्हणजे त्याने ही भीती घालविली.

अर्थात त्याला सर्वच साधले असे नाही. १८४६ मध्ये त्याने सुमारे ३५० लोकांना स्कॉटलंडला नेले. त्या सहलीत वाटेतील खाण्यापिण्याची व्यवस्था कोलमडली आणि प्रवाशांचे हाल झाले. पण तो खचला नाही. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या भव्य महालात जागतिक प्रदर्शन भरले. कुकने ते मजुरांना दाखविण्याचा चंग बांधला. मजुरांनी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवावेत, म्हणून त्याने ठिकठिकाणी मंडळे काढली, प्रदर्शनाची माहिती देणारे नियतकालिक काढले, लंडनमध्ये राहण्याची सोय केली. अशा रीतीने सुमारे दीड लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. ज्यांनी कधी आपला परगणा ओलांडला नव्हता, त्यांनी राजधानी पाहिली!

यानंतर त्याने मागे वळून पाहिले नाही. १८५५ मध्ये पॅरिस, १८६३ मध्ये स्वित्झर्लंड, १८६४ मध्ये इटली, १८६९ मध्ये इजिप्त व पॅलेस्टाइन अशी त्याची क्षेत्रे वाढत गेली. आगाऊ पैसे भरून घ्यावयाची हॉटेलची कुपने त्याने १८६८ मध्ये सुरू केली, त्यामुळे परक्या गावात भावाची घासाघीस उरली नाही. १८७४ मध्ये परदेशात वटविता येणाऱ्या हुंडीवजा नोटा काढल्या. १८७२ मध्ये तर तो काही प्रवाशांना घेऊन २२२ दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अमेरिका, जपान, चीन असे करीत तो हिंदुस्थानातही आला आणि मुंबईहून जहाजाने पुढे गेला.

उच्चभ्रू मंडळींना मात्र हे रुचले नाही. कारकून, शिक्षक, दुकानदार, एकट्या स्त्रिया असे लोक इटलीच्या चित्रशाळांतून हिंडू लागले, म्हणून काही लेखकांनी त्यांची कुचेष्टा केली. कुकने त्यांना छापील उत्तरे दिली. सौंदर्य ही कोणा एका वर्गाची मिरास नाही, अशी त्याची भूमिका होती. आज आपण कॉलेजात शिकतो, तेव्हा या वादाचे महत्त्व ध्यानात येते. विद्येच्या बाबतीतही हाच वाद आपल्याकडे झाला नव्हता काय?

कुकचे उत्तरायुष्य दुःखात गेले. मुलगा जॉन अत्यंत कर्तबगार, परंतु पक्का व्यवहारी होता. धंदा आणि धर्मकार्य यांची बापाने घातलेली सांगड त्याला मान्य नव्हती. अखेर १८७८ मध्ये थॉमसला स्वतःच्याच कंपनीतून निवृत्त व्हावे लागले. पुढे मुलगी गेली, पत्नी गेली, दृष्टीही गेली. अशाही स्थितीत त्याने आपल्या जन्मगावी गरिबांसाठी घरे बांधली. १८ जुलै १८९२ रोजी त्याने लेस्टर येथे देह ठेवला.

जॉनच्या काळात कंपनी साम्राज्याची सेवक बनली. १८८४ मध्ये तिने ब्रिटिश सैन्य नाईल नदीतून सुदानकडे पोहोचविले. १८८६ मध्ये मुंबईहून जाणाऱ्या हज यात्रेकरूंची व्यवस्थाही हिंदुस्थान सरकारने तिच्याकडे सोपविली. धंदा अफाट वाढला, पण मजुराला गुत्त्यातून बाहेर काढण्याचा मूळ हेतू मागे पडला. सप्टेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील ही कंपनी कर्जबाजारी होऊन बंद पडली आणि परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना सरकारला परत आणावे लागले. (आपल्याकडील त्याच नावाची कंपनी त्यापूर्वीच स्वतंत्र झालेली होती.) ज्याच्या नावावर विश्वासून लोक निर्धास्तपणे घराबाहेर पडत, त्याच नावाने लोक वाटेत अडकावेत, हे दुर्दैवच म्हणावयाचे!

तरीही थॉमस कुकचे कार्य संपलेले नाही. आज प्रत्येक मोठ्या शहराचे पर्यटन मंडळ नकाशे छापते, माहिती केंद्र उघडते, राहण्याची सोय सांगते. लेस्टर शहराने तर रेल्वे स्टेशनाबाहेर त्याचा पुतळाच उभारला आहे. आपल्या राज्यात १९७५ मध्ये पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. परंतु रंगीत चित्रे छापून आणि जाहिराती करून शहराचे कर्तव्य संपत नाही. स्टँडवर उतरलेल्या अनोळखी, अर्धशिक्षित माणसाला त्याच्या भाषेत रस्ता सांगणारे कोणी आहे का, भाव उघड लिहिलेला आहे का, प्यावयाचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ जागा आहे का, यावर त्या शहराची परीक्षा व्हावी. मोटारीतून येणाऱ्याचे स्वागत सारेच करतात. शिदोरी बांधून आलेल्याचेही स्वागत व्हावे, यासाठी दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या एका मुलाने आपले आयुष्य वेचले. त्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!