स्वामी कुवलयानंद

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी बोरघाट चढून लोणावळ्यास येते. सह्याद्रीच्या माथ्यावरील या थंड हवेच्या गावी 'कैवल्यधाम' नावाचा एक आश्रम आहे. आश्रम म्हटला, की पर्णकुटी, वृक्षांची छाया आणि ध्यानस्थ साधू यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. या आश्रमात मात्र ध्यानमंदिराच्या जोडीला प्रयोगशाळाही आहे. येथे आसने घालणाऱ्या माणसाची नाडी मोजली गेली, त्याच्या श्वासाची तपासणी झाली आणि जे आढळले ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले गेले. हा आगळा आश्रम ज्यांनी उभारिला, ते स्वामी कुवलयानंद मूळचे एक शिक्षक होते.

त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई या गावी झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले आणि पाठीशी उभे राहिले ते दारिद्र्य. परंतु या बुद्धिमान मुलाने धीर सोडला नाही. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्याने संस्कृत विषयाची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकाविली आणि बडोद्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळविला. तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांनी तरुणांची मने भारून गेली होती. जगन्नाथानेही त्याच वयात आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला.

देशसेवेसाठी शरीर बळकट हवे. बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकराव हे नामांकित गुरू होते. १९०७ पासून सुमारे तीन वर्षे गुणे यांनी त्यांच्या हाताखाली देशी व्यायामाची तालीम घेतली. पदवी मिळाल्यानंतर ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

जोर, बैठका, मल्लखांब हे व्यायाम तरण्याबांड शरीराला शोभून दिसतात. पण ज्याची पाठ धरली आहे, ज्याचे गुडघे आखडले आहेत, ज्याचे वय झाले आहे, त्याने काय करावे? आखाड्यात त्याला जागा नसते. अशा माणसालाही झेपेल अशी शरीराची विद्या आपल्या देशात फार प्राचीन काळापासून होती. परंतु ती मठांत आणि गुहांत दडून बसली होती. सामान्य माणूस योग्याकडे आदराने पाही, क्वचित भीतीनेही पाही. त्याच्यापासून काही शिकावे, असे मात्र त्याच्या मनात येत नसे.

१९१९ साली गुणे यांना नर्मदाकाठच्या मालसर गावी परमहंस माधवदासजी हे वयोवृद्ध योगी गुरू लाभले. त्यांनी शिष्याला योगाच्या अनेक क्रिया प्रत्यक्ष शिकविल्या. गुणे यांनी त्या श्रद्धेने आत्मसात केल्या. पण शिक्षकाची चिकित्सक बुद्धी स्वस्थ बसू देईना. या क्रियांनी शरीरात नेमके घडते तरी काय, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

त्यासाठी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयाची वाट धरली. श्वास पूर्ण बाहेर सोडून पोट आत व वर खेचून घेण्याच्या क्रियेस उड्डीयान म्हणतात. पोटाचे स्नायू मध्यभागी दोरखंडासारखे उभे करण्याच्या क्रियेस नौली म्हणतात. या क्रिया चालू असताना आतड्यांचे काय होते, हे १९२० च्या सुमारास त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. योगाची परीक्षा आधुनिक विज्ञानाच्या यंत्राने घेण्याचे ते अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक पाऊल होते.

इतक्यात संकट आले. परकीय सरकारचा राष्ट्रीय शिक्षणावर रोष होता. १९२३ साली अमळनेरचे महाविद्यालय बंद पडले आणि हातचे काम गेले. दुसरा एखादा नवी नोकरी शोधू लागला असता. गुणे यांनी मात्र उरलेले सर्व आयुष्य योगाच्या संशोधनास वाहण्याचे ठरविले. १९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. कुवलय म्हणजे निळे कमळ. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले आणि प्रयोगांचे वृत्तान्त ते त्यात छापू लागले.

त्यांचा एक प्रयोग तुम्हांसही सहज समजेल. रंगपंचमीच्या दिवशी पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला, की पाणी आपोआप आत शिरते. कारण आतल्या हवेचा दाब कमी होतो. योगी लोक पाण्यात बसून नौलीच्या बळावर आतड्यात पाणी ओढून घेत व ते स्वच्छ करीत. हे कसे घडते, याविषयी नाना समजुती होत्या. स्वामीजींनी दाबमापक यंत्र लावून दाखवून दिले, की नौली करताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. पोट जणू पिचकारीच बनते! चमत्काराचे कोडे उलगडले. या शोधाला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. आपल्या गुरूंचे स्मरण म्हणून त्या निर्वात स्थितीस त्यांनी माधवदासांचे नाव दिले.

दुसरा प्रयोग याहूनही बोलका आहे. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असा लोकांचा समज होता. स्वामीजींनी मोजमाप केले. प्राणायामात श्वास दीर्घ असला, तरी श्वासांची संख्या घटते. म्हणून एकंदर प्राणवायू अधिक मिळतो असे नाही, असे त्यांना दिसून आले. योगाचा गौरव वाढविणारी समजूत त्यांनी तशीच चालू दिली असती, तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. पण सत्य लपवून योगाची थोरवी वाढत नाही, या निष्ठेने त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्राणायामाचे खरे मोल अन्यत्र आहे, असे त्यांचे मत होते.

अशा अभ्यासातून त्यांची शिकविण्याची पद्धत घडत गेली. आसन सावकाश करावे. त्यात झटका नसावा. अंग ताणले जावे, पण दुखू नये. आणि आसनात स्थिर राहताना मन प्रसन्न असावे. आपल्या पाठीच्या कण्यात एकमेकांवर हलणारे २४ सुटे मणके असतात. कणा पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हळूहळू वळविला, तर त्यांभोवतीचे स्नायू लवचिक राहतात. फार दिवस न हललेले सांधे आखडतात. न वापरलेली बिजागरी गंजावी, तसेच ते. बळजबरीने अशी बिजागरी मोडते. तेल घालून हळूहळू हलविली, तरच ती मोकळी होते.

ज्यांना कठीण आसने साधत नसत, त्यांच्यासाठी स्वामीजी सोपी आसने सांगत. शलभासनात पालथे पडून दोन्ही पाय एकदम उचलतात. ज्याला ते झेपत नाही, त्याने अर्धशलभासनात एकेक पाय उचलावा. कण्याला पीळ देणारे अर्धमत्स्येंद्रासन अवघड वाटले, तर त्याऐवजी वक्रासन करावे. आणि शवासन तर सर्वांनाच शक्य! उताणे निजून एकेक अवयव सैल सोडावयाचा आणि श्वास शांतपणे चालू द्यावयाचा. हे दिसावयास सोपे, पण साधावयास कठीण आहे. कारण स्नायू ताठ धरून ठेवण्याची आपली सवय इतकी जुनी असते, की ते ताठले आहेत हेच आपल्याला कळत नाही. अंग सैल सोडता येऊ लागले, की थकवा उतरतो आणि ताणाने होणारे दुखणेही पुष्कळदा हलके होते.

१९२७ साली दौऱ्यावर असताना महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला आणि त्यांना विश्रांती घ्यावी लागली. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. आपल्या प्रकृतीविषयी त्यांनी स्वामीजींशी पत्रव्यवहार केला आणि त्यांच्या सल्ल्याने काही योगक्रियांचा अभ्यासही केला. १९३१ साली स्वामीजींचे 'आसने' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३६ साली मुंबईत समुद्रकिनाऱ्याजवळ त्यांचे आरोग्यकेंद्र उघडले आणि नगरवासीयांना योगाचा लाभ घराजवळ मिळू लागला. पुढे १९५० च्या सुमारास लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय आणि त्यानंतर योगोपचारांचे रुग्णालय निघाले.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी स्वामीजींचे देहावसान झाले. त्यांनी लावलेले रोप आज मोठा वृक्ष झाले आहे. कैवल्यधामाचे कार्य चालू आहे आणि देशोदेशींचे लोक तेथे शिकावयास येतात. योगाने सर्व रोग बरे होतात, असे शास्त्र म्हणत नाही. आजाऱ्याने वैद्याचा सल्ला घेतलाच पाहिजे आणि नौलीसारख्या क्रिया तर जाणत्या गुरूवाचून करूच नयेत. मात्र हळुवार, नियमित हालचालींनी पाठीचे जुनाट दुखणे सुसह्य होते आणि म्हातारपणीही तोल सांभाळण्यास मदत होते, हे आता ठिकठिकाणच्या अभ्यासकांना आढळून आले आहे.

स्वामी कुवलयानंदांनी गुरूवर श्रद्धा ठेविली आणि गुरूने दिलेली विद्याही पारखून घेतली. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे त्यांचे चरित्र सांगते. घरात तुमची आजी जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवीत असेल, आजोबा वाकताना कळवळत असतील. त्यांच्या त्या कष्टांसाठीही शास्त्र असते आणि त्या शास्त्राला आयुष्य वाहणारी माणसे या भूमीत होऊन गेली, हे आपण विसरू नये.